गाँतिएचा रस्ता : हैतीतल्या सतरा ओलिसांचं प्रकरण

16 ऑक्टोबर 2021, शनिवार. हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या पूर्वेला गाँतिए हे गाव आहे. तिथल्या अनाथालयाला भेट देऊन सतरा जण गाडीने परत निघाले होते. सोळा अमेरिकन, एक कॅनेडियन. त्यांत पाच मुलं, सगळ्यांत धाकटं आठ महिन्यांचं. ही माणसं ओहायो राज्यातल्या 'ख्रिश्चन एड मिनिस्ट्रीज' या संस्थेची. आमिश, मेनोनाइट अशा पंथांच्या लोकांनी चालवलेली ही संस्था. त्यांचा तळ राजधानीच्या उत्तरेला तितान्येनमध्ये होता आणि गाँतिएहून तिकडे जाताना वाटेत क्रुआ-दे-बुकेचा पट्टा लागतो. तो त्यांना ओलांडता आला नाही. हत्यारबंद टोळीने गाडी अडवली. गाडीतल्या एकाने घाईघाईत व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकला, की आमच्यासाठी प्रार्थना करा, आम्हाला कुठे नेतायत कळत नाही. शेवटचा ओलीस मोकळा व्हायला त्यानंतर दोन महिने लागले.

संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीनुसार त्या वर्षी हैतीत अपहरणाच्या 664 घटना घडल्या. त्याच्या आदल्या वर्षी 234. या 664 मधलंच हे एक प्रकरण निवडण्याचं कारण म्हणजे त्याचे कागद उपलब्ध आहेत. ओलीस अमेरिकन असल्यामुळे अमेरिकेच्या तपासयंत्रणा कामाला लागल्या, फोनवरचे निरोप आणि खरेदीच्या नोंदी कोर्टात आल्या, साक्षी झाल्या. अपहरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रस्त्यात बंदूक रोखून उभा असलेला पोरगा येतो. या प्रकरणात त्या पोराच्या मागची साखळी दिसते. तिच्यात तुरुंगातली कोठडी आहे, फ्लोरिडातलं बंदुकांचं दुकान आहे, बंदरावर उतरणारी पिंपं आहेत, आणि ज्यांनी हे सगळं वर्षानुवर्षं चालू दिलं ती सत्तेतली माणसं आहेत.

चारशे गावंढळ

टोळीचं नाव '400 मावोझो'. हैतीच्या क्रेयोल भाषेत मावोझो म्हणजे अडाणी, खेडवळ माणूस. चारशे गावंढळ म्हणा ना. सुरुवातीला हे लोक गुरं चोरायचे. मग गाड्या पळवायला लागले. मग गाडीतली माणसं.

माणसं पळवण्याची त्यांची स्वतःची रीत होती. श्रीमंताच्या घरावर पाळत ठेवायची, त्याला एकट्याला गाठायचं, हा जुना प्रकार. यांनी अख्खी गाडीच उचलायला सुरुवात केली. बस असो की खाजगी मोटार, आत जो कोणी असेल तो ओलीस. श्रीमंत कोण, गरीब कोण, हे नंतर ठरवायचं. एकाच वेळी दहा-बारा कुटुंबांशी सौदा करता येतो, हा त्यातला हिशोब. हैतीतल्या सामान्य माणसाची झोप उडवली ती या हिशोबाने. शाळेतली पोरं, फुटपाथवर भाजी विकणाऱ्या बायका, डॉक्टर, पाळक, कोणीच त्यातून सुटलं नाही. घर विकून, बोटीने किंवा विमानाने परदेशी गेलेल्या नातेवाइकांकडून पैसे मागवून लोक आपली माणसं सोडवत राहिले. परदेशातल्या भावा-बहिणींनी घरखर्चाला पाठवलेला पैसा असा टोळीच्या घशात जायला लागला.

क्रुआ-दे-बुके म्हणजे काही ओसाड रान नव्हे. तिथल्या नोआय वस्तीतले कारागीर तेलाची रिकामी पिंपं कापतात, ठोकून सपाट करतात आणि त्या पत्र्यातून छिन्नी-हातोडीने झाडं, मासे, जलपऱ्या, पंख असलेली माणसं कोरतात. लोहार जॉर्ज लियोतो यांच्यापासून चालत आलेली ही कला जगभरच्या संग्रहालयांत गेली. त्या वस्तीत दिवसभर पत्र्यावर हातोडा पडल्याचा आवाज येतो, असं तिथे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो. या परंपरेतले नावाजलेले शिल्पकार अँडरसन बेलोनी आपल्या गरीब वस्तीसाठी झटत होते. अमेरिकन मंडळींची गाडी अडवली गेली त्याच आठवड्यात त्यांचा खून झाला आणि आरोप याच टोळीवर आला. सतरा परदेशी ओलिसांची बातमी जगभर पोचली. बेलोनींची बातमी त्या बातमीच्या खालच्या एका ओळीत आली. मला हे प्रकरण पहिल्यांदा टोचलं ते त्या ओळीपाशी.

हे अचानक झालं नाही

टोळीने आपली ताकद सहा महिने आधीच दाखवली होती. 11 एप्रिल 2021 ला याच भागात पाच धर्मगुरू आणि दोन धर्मभगिनींसह दहा जणांना पळवलं, त्यांत फ्रेंच नागरिकही होते. दहा लाख डॉलर मागितले. कॅथलिक चर्चने शाळा आणि संस्था बंद ठेवून निषेध केला. तीन दिवसांत पंतप्रधान जोसेफ झूत यांनी राजीनामा दिला. महिना संपता संपता ओलीस सुटले आणि टोळी होती तिथेच राहिली. गुन्हेगारांनी यातून काय धडा घेतला असेल ते सांगायला नको.

त्याच्याही आधी, 25 फेब्रुवारीला, क्रुआ-दे-बुकेचा तुरुंग फुटला होता. चारशेवर कैदी पळाले, तुरुंगाचे प्रमुख मारले गेले.

पण खरी मुळं शोधायची तर आणखी मागे जावं लागतं. हैतीत सत्ताधाऱ्यांनी पोलीस आणि लष्कराच्या जोडीला आपली खाजगी दांडगाई पोसण्याची चाल जुनी आहे. 1957 ला सत्तेवर आलेल्या फ्राँस्वा दुव्हालिए यांनी 'तोंतों माकूत' उभे केले. आपल्याकडे लहान मुलांना बागुलबुवाची भीती घालतात, तसा तिकडे झोळीत पोरं घालून नेणारा हा तोंतों माकूत. लोकांनी दुव्हालिएंच्या हस्तकांना तेच नाव दिलं, कारण रात्री नेलेला माणूस परत येत नसे. बाप-लेकांची ही राजवट फेब्रुवारी 1986 ला संपली, पण चाल संपली नाही. पुढे जाँ-बेर्त्राँ आरिस्तीद निवडून आले, लष्कराने त्यांना हाकललं, ते परत आले आणि 1995 ला त्यांनी लष्करच बरखास्त केलं. ज्या लष्कराने लोकांवर इतके अत्याचार केले, त्याचं जाणं लोकांना हवंच होतं. मात्र त्या जागी पुरेसं, निष्पक्ष पोलीस दल कधी उभं राहिलं नाही. आरिस्तीद यांच्या काळातही वस्त्यांमधली हत्यारबंद पोरं राजकारणासाठी वापरली गेली. त्यांना लोक 'शिमेर' म्हणत.

त्यानंतर ही रीत सगळ्या रंगांच्या पुढाऱ्यांनी उचलली. निवडणुकीत वस्ती आपल्या बाजूने हवी, मोर्चा फोडायचा आहे, गोदामाला किंवा बंदराला संरक्षण हवं, की टोळीला पैसे आणि बंदुका द्यायच्या. नोव्हेंबर 2018 ला राजधानीतल्या ला सालीन वस्तीत हत्याकांड झालं. पेट्रोकॅरिब, म्हणजे व्हेनेझुएलाने उधारीवर तेल देण्याची योजना, तिच्या पैशांत झालेल्या भ्रष्टाचाराविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते, तो हा काळ. हैतीतल्या मानवाधिकार संघटनेने 71 मृतांची नोंद केली. दोन वर्षांनी अमेरिकेने या हत्याकांडासाठी तिघांवर निर्बंध घातले. त्यांपैकी दोघे सरकारी अधिकारी होते आणि तिसरा जिमी शेरिझिए, 'बार्बेक्यू' या नावाने ओळखला जाणारा माजी पोलीस आणि टोळीप्रमुख. 2022 ला कॅनडाने माजी राष्ट्राध्यक्ष मिशेल मार्तेली यांच्यावरही टोळ्यांना बळ दिल्याच्या आरोपावरून निर्बंध घातले.

म्हणून 'सरकार दुबळं, म्हणून टोळ्या माजल्या' हे नेहमीचं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. टोळ्या सरकारच्या आणि बड्या धंदेवाल्यांच्या अंगणात वाढल्या. पुढे पुढाऱ्यांच्या पैशांवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही, कारण अपहरणातून स्वतःचं उत्पन्न सुरू झालं. त्या दिवसापासून मालक आणि नोकर यांची अदलाबदल झाली.

पाच दिवस

2021 चा ऑक्टोबर आला तेव्हा देशाला राष्ट्राध्यक्ष नव्हता. 7 जुलैला जोव्हनेल मोईझ यांना त्यांच्या राहत्या घरात गोळ्या घालून मारलं होतं. मारेकऱ्यांत कोलंबियाचे माजी सैनिक होते. ऑगस्टमध्ये दक्षिणेत 7.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि दोन हजारांवर माणसं गेली. पंतप्रधान एरियल हेन्री कोणत्याही निवडणुकीविना कारभार बघत होते.

अपहरणाच्या दुसऱ्या दिवशी, 17 ऑक्टोबरला, हैतीचे संस्थापक देसालीन यांची पुण्यतिथी असते. पाँ-रूजच्या स्मारकावर पंतप्रधानांनी पुष्पचक्र वाहायचं, ही रीत. हेन्री तिथे पोचले आणि गोळीबार सुरू झाल्यावर त्यांना ताफ्यासह माघारी फिरावं लागलं. थोड्या वेळाने पांढरा सूट घातलेला बार्बेक्यू आपल्या माणसांसह तिथे आला आणि त्याने पुष्पचक्र वाहिलं. 1804 साली गुलामांनी स्वतः लढून मिळवलेल्या स्वातंत्र्याचं ते स्मारक. तिथे सरकारचा मान एका टोळीप्रमुखाने घेतला, आणि सगळ्या देशाने ते बघितलं.

18 तारखेला वाहतूकदारांच्या हाकेवर राजधानी बंद राहिली. दुकानं, शाळा, टॅप-टॅप या रंगीबेरंगी गाड्या, सगळं ठप्प. हा बंद अमेरिकनांसाठी नव्हता. रोज आपलीच माणसं उचलली जातायत, याला लोक विटले होते. तितान्येनमध्ये मात्र गावकरी त्या सतरा जणांसाठीच फलक घेऊन रस्त्यावर उतरले. या मंडळींनी गावात केलेलं काम ते विसरले नव्हते.

मागणी आली ती माणशी दहा लाख डॉलरची, म्हणजे एकूण एक कोटी सत्तर लाख. आठ महिन्यांच्या बाळाचे दहा लाख धरून.

21 ऑक्टोबरला टोळीचा म्होरक्या विल्सन जोसेफ याची चित्रफीत पसरली. त्याने स्वतःला घेतलेलं नाव 'लान्मो सान झू', म्हणजे तिथी न सांगता येणारं मरण. अंगात सूट, समोर त्याच्या मेलेल्या साथीदारांच्या उघड्या शवपेट्या. मागितलं ते मिळालं नाही तर ओलिसांना गोळ्या घालीन, असं तो सांगत होता. त्याच चित्रफितीत त्याने पंतप्रधानांना आणि पोलीसप्रमुख लेओं शार्ल यांना धमकावलं. त्याच दिवशी शार्ल पदावरून गेले.

दोन महिने

ओलिसांनी सुटकेनंतर जे सांगितलं त्यावरून आतले दिवस थोडेफार डोळ्यांसमोर येतात. सुरुवातीला सगळ्यांना एका छोट्या खोलीत कोंबलं होतं. हात बांधले नव्हते. जेवण मोजकं, पण लहान मुलांसाठी बाळखाऊ मात्र भरपूर आणून दिला होता. बाळ दगावलं तर सौदा बिघडतो, हे टोळीला कळत होतं. उकाडा, डास, चावलेल्या जागी झालेल्या जखमा. अंघोळीचं पाणी घाण होतं, त्यामुळे अंगावर फोड आले. चोवीस तास कोणी ना कोणी प्रार्थना करत राहील, अशा त्यांनी पाळ्या लावल्या होत्या.

21 नोव्हेंबरला दोघांना सोडलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणखी तिघांना. उरले बारा. 15 डिसेंबरच्या रात्री त्यांनी बूट चढवले, पाणी बरोबर घेतलं, अडवून ठेवलेलं दार हळूच उघडलं आणि रांगेने बाहेर पडले. पहारेकरी जवळच होते. दिवसा हेरून ठेवलेल्या डोंगराच्या रोखाने, चांदण्यात, काटेरी झुडपांतून ते चालत राहिले. बाळ आता दहा महिन्यांचं झालं होतं. काटे लागू नयेत म्हणून त्याला गुंडाळून घेतलं होतं. ते रडलं असतं तर काय झालं असतं, हा विचार वाचणाऱ्याच्या मनातूनही जात नाही. साधारण दहा मैल चालल्यावर पहाटे त्यांना एक माणूस भेटला. त्याच्या मदतीने फोन लावता आला.

संस्थेने नंतर मान्य केलं की देणगीदारांनी पैसे पुरवले होते आणि खंडणी दिली गेली होती. तरी टोळीने सगळ्यांना सोडलं नाही. यामागचं कारण पुढे वॉशिंग्टनच्या कोर्टात उघड झालं. टोळीला पैशांइतकाच एक माणूस हवा होता.

कोठडीतला राजा आणि फ्लोरिडातली पिंपं

तो माणूस म्हणजे जर्मिन जोली उर्फ योनयोन, 400 मावोझोचा दुसरा म्होरक्या. अपहरण झालं तेव्हा तो पोर्ट-ओ-प्रिन्सच्या तुरुंगात होता. कोठडीत त्याच्याकडे फोन होता. टोळीला हुकूम, खंडणीची बोलणी, बंदुकांची मागणी, सगळं तो तिथून करत होता. ओलिसांच्या बदल्यात त्याची सुटका व्हावी, हा या अपहरणाचा एक हेतू होता.

बंदुका कशा येत हेही या खटल्यांतून कळलं. हैतीत बंदुका बनत नाहीत. फ्लोरिडात राहणारे टोळीचे तीन हस्तक, त्यांत योनयोनची प्रेयसी, तिथल्या परवानाधारक दुकानांत जाऊन रायफली विकत घेत. दुकानातल्या अर्जावर 'ही बंदूक माझ्या स्वतःसाठी आहे' असं लिहून द्यावं लागतं. ते खोटं लिहून देत. 2021 मध्ये अशा किमान 24 बंदुका घेतल्या, त्यांत एके-47 आणि एआर-15 होत्या, एक भलीमोठी .50 कॅलिबरची रायफलही होती. पैसे यायचे ते अपहरणाच्या खंडणीतून.

मग पिंपं. परदेशातल्या हैतीयन घरांत पिंपाला खास जागा असते. कोपऱ्यात मोठं पिंप ठेवायचं, महिनोन्‌महिने त्यात तांदूळ, तेल, साबण, पोरांचे कपडे, शाळेची दप्तरं भरत राहायची, भरलं की जहाजाने गावी पाठवायचं. पिंप आलं की घरात सण. याच पिंपांत कचऱ्याच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या रायफली घातल्या, वर कपडे आणि बूट पसरले, आणि धाडून दिलं. मायेच्या वाटेनेच मरण घरी आणलं. एकाच्या खंडणीतून बंदूक, त्या बंदुकीतून दुसऱ्याचं अपहरण, हे रहाट असं फिरत होतं.

मे 2022 ला योनयोनला अमेरिकेच्या ताब्यात दिलं. शस्त्रतस्करी आणि खंडणीच्या पैशांच्या खटल्यात त्याने जानेवारी 2024 ला गुन्हा कबूल केला आणि जूनमध्ये 35 वर्षांची शिक्षा झाली. सोळा अमेरिकनांना ओलीस ठेवल्याच्या वेगळ्या खटल्यात मे 2025 ला वॉशिंग्टनच्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं. लान्मो सान झूवर अमेरिकेने 2022 मध्येच दहा लाख डॉलरचं इनाम लावलं होतं. त्याने एका ओलिसासाठी मागितलेली रक्कमही नेमकी तेवढीच होती.

हा न्याय खरा आहे आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण तो कुठे मिळाला ते बघा. ओलीस ठेवल्याचा निकाल वॉशिंग्टनला लागला. राष्ट्राध्यक्ष मोईझ यांच्या खुनातली पहिली शिक्षा 2023 ला मायामीत सुनावली गेली. ज्या हैतीयन आईने घर विकून मुलगा सोडवला, तिच्यासाठी यातलं कुठलंच दार उघडं नव्हतं. अमेरिकेचा पासपोर्ट ही तिथे न्यायाची पहिली अट ठरली. ही गोष्ट मला टोळीच्या क्रौर्याइतकीच असह्य वाटते. आणि ज्या दुकानांतून त्या रायफली गेल्या, त्या राज्यात बंदूक विकत घेणं आजही सोपंच आहे.

त्यानंतर

योनयोन हैतीतून गेल्याने अपहरणं थांबली नाहीत. 2022 मध्ये 1,359 आणि 2023 मध्ये 2,490 माणसं पळवली गेली. एप्रिल 2023 ला राजधानीतल्या कानापे-व्हेर भागात जमावाने पोलिसांच्या हातातून टोळीच्या संशयितांना खेचून जिवंत जाळलं. तिथून 'ब्वा काले' नावाची लाट पसरली. लोक कोयते घेऊन नाक्यानाक्यांवर उभे राहिले. काही महिने अपहरणं घटली, आणि कोणाला ठार करायचं हे आता टोळीऐवजी गर्दी ठरवू लागली. वर्षानुवर्षं कोणीच मदतीला न आलेल्या लोकांचा संताप मला समजतो. जाळल्या गेलेल्यांत खरोखर कोण होतं, हे मात्र कोणी तपासलं नाही.

फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस, एकमेकांचे गळे कापणाऱ्या टोळ्या 'व्हिव्ह अन्सान्म', म्हणजे एकत्र जगू, या नावाखाली एकत्र मैदानात उतरल्या. मार्चच्या सुरुवातीला राजधानीचा मुख्य तुरुंग फोडला आणि हजारो कैदी सुटले. विमानतळ बंद पडला. परदेश दौऱ्यावर गेलेले पंतप्रधान हेन्री मायदेशी परतूच शकले नाहीत आणि त्यांनी राजीनामा जाहीर केला. त्याच महिन्यात भारताने आपल्या बारा नागरिकांना 'ऑपरेशन इंद्रावती'खाली शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हलवलं. एकेकाळी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत आपल्या सीआयएसएफचे जवान याच पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये तैनात होते. 2010 च्या भूकंपातही ते तिथेच होते. ती मोहीम 2017 ला आवरली गेली.

जून 2024 ला हैतीच्या पोलिसांच्या मदतीसाठी केनियाच्या पोलिसांची पहिली तुकडी आली. महिन्याभरात, जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, 400 मावोझोने गाँतिएवर हल्ला केला. अनाथालयाला भेट देऊन ते सतरा जण जिथून निघाले होते, तेच गाँतिए. टोळीने तिथली पोलीस चौकी जाळली. हजारो गावकरी घरं टाकून निघून गेले.